जुनी होडी घ्यावी की नको? आधी हिशोब, मग विसार



मे महिना संपत आला की किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या झापांनी शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्तीला निघतात. आणि याच दिवसांत गावात एक बोलणं सुरू होतं, "अमक्याची होडी विकायची आहे, स्वस्तात देतोय, थोडं काम आहे एवढंच." हे बोलणं घरात येतं, घरातून गटाच्या बैठकीत येतं, आणि एखादी ताई कर्जाचा अर्ज पुढे ठेवते.

होडीचं कर्ज शेळीच्या किंवा शिलाई मशीनच्या कर्जासारखं नसतं. रक्कम मोठी असते. गटातल्या सगळ्या जणींची काही वर्षांची बचत एका होडीत जाते. होडी चालली तर एक घर उभं राहतं. होडी दुरुस्तीलाच अडकली तर त्या ताईचा हप्ता थकतो, गटाची परतफेड मागे पडते, बँक पुढचं कर्ज देताना हात आखडते, आणि कालपर्यंत एकमेकींच्या घरी जाणाऱ्या बाया बैठकीत एकमेकींशी बोलेनाशा होतात. म्हणून हा पाठ ज्या ताईला होडी घ्यायची आहे तिच्यासाठी आहेच, पण अर्जावर सही करणाऱ्या बाकीच्या सगळ्या जणींसाठीही आहे.

पाठातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. मालक सांगतो ती होडीची किंमत नसते. होडी दुरुस्त होऊन, कागद नावावर होऊन, ती पहिल्यांदा समुद्रात जाईपर्यंत जेवढा पैसा आपल्या हातून जातो, ती होडीची खरी किंमत. हा आकडा काढल्याशिवाय "स्वस्त" हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

आपलं उदाहरण

शिकण्यासाठी एक उदाहरण धरू. दहा जणींचा एक गट आहे. त्यातल्या एका ताईचा नवरा आजवर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो. ताई स्वतः मासे विकते. बंदरात एक जुनी लाकडी होडी विकायला आहे. आत बसवलेलं डिझेल इंजिन आहे. मालक १ लाख ६० हजार म्हणतो, १ लाख ४० हजारांना सोडेल असं दिसतं. तळाच्या काही फळ्या बदलायच्या आहेत आणि इंजिन खोलावं लागणार आहे. ताईकडे स्वतःचे १ लाख रुपये आहेत. बाकीचं कर्ज तिला गटाकडून हवं आहे.

यातले आकडे हिशोब शिकण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या बंदरातले दर, आपल्या मिस्त्रीची मजुरी घालून हाच हिशोब तुम्ही पुन्हा मांडायचा आहे.

पायरी १ : होडी डोळ्यांनी नाही, हातांनी पाहायची

होडी पाहायला जाताना दोन माणसं सोबत हवीत. एक, होडी बांधणारा मिस्त्री. दोन, इंजिनाचा मेकॅनिक. दोघेही आपले असावेत. विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री विकणाऱ्याचीच बाजू बोलणार. मिस्त्रीला त्याच्या दिवसाची मजुरी द्या. हजार-दोन हजार रुपये गेले तरी चालतील, त्यातून लाखाचं नुकसान टळतं.

नवा रंग दिसला की खूश होऊ नका. विकायच्या आधी मारलेला रंग पुष्कळदा काहीतरी झाकण्यासाठी असतो. कुठे रंग खरवडून पाहायचा ते मिस्त्रीला ठरवू द्या. मालक खरवडू देत नसेल तर तिथूनच मागे फिरा.

लाकडी होडीत पाहायच्या गोष्टी :

• पठाण, म्हणजे तळाचा कणा. मागे उभं राहून नजर सरळ रेषेत लावून पाहा. कणा मध्ये वर उचलला गेला असेल किंवा वाकला असेल तर होडीचा आकारच बदललेला आहे. हे काम फळी बदलण्याएवढं सोपं नसतं.

• हातोडीने ठोकून आवाज ऐका. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं लाकूड भद्द आवाज देतं. संशय येईल तिथे दाभण टोचून पाहा. दाभण लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर ती फळी गेली.

• किड्याची भोकं. समुद्राच्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा अगदी लहान असताना आत शिरतो आणि आतच मोठा होतो. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं, आत मात्र बोट जाईल एवढी पोकळी असते. म्हणून "दोन-चार भोकं आहेत" एवढ्यावर समाधान मानू नका.

• पावसाचं पाणी साचण्याच्या जागा. पुष्कळ जणींना वाटतं की खाऱ्या पाण्याने होडी कुजते. खरं तर गोडं पाणी लाकडाला जास्त कुजवतं. झाप न घालता एक-दोन पावसाळे उघडी राहिलेली होडी बाहेरून बरी आणि आतून मऊ झालेली असू शकते. आतल्या कोपऱ्यांत, बरगड्यांच्या खाली, इंजिन बसवलेल्या लाकडाखाली हात घालून पाहा.

• खिळे. खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडलं असेल तर खिळा गंजलाय आणि पकड सुटत आलीय.

• लाकडावर फायबरचा लेप दिलेला असेल तर जास्त जपून. चांगल्या लाकडावर चांगला दिलेला लेप होडीचं आयुष्य वाढवतो. पण ओल्या किंवा कुजलेल्या लाकडावर दिलेला लेप आतली कुज नुसती झाकतो. ठोकून पोकळ आवाज येतो का ते जागोजागी पाहा.

पूर्ण फायबरच्या होडीत कुज वेगळ्या जागी असते. बाहेरचं इंजिन टांगतात ती मागची फळी सर्वांत महत्त्वाची. इंजिन हाताने वर-खाली दाबून पाहा. फळी हलत असेल, तिथे तडे असतील तर आतलं लाकूड पाणी प्यायलंय. कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, तळाला फोड, पाय दिल्यावर दबणारी जागा, हे सगळं वहीत लिहून घ्या. होडी नेहमीपेक्षा जड वाटते का तेही विचारा, आत पाणी मुरलं की वजन वाढतं.

इंजिनाची तपासणी :

• इंजिन सुरू करायच्या आधी हात लावून पाहा. गरम लागलं तर आपण यायच्या आधीच ते चालवून ठेवलंय. थंड इंजिन किती वेळात सुरू होतं ते पाहायचं असतं. त्या दिवशी नुसतं बघून या, दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जा.

• तेलाची कांडी काढून पाहा. तेल दुधाळ दिसलं तर तेलात पाणी शिरलंय. हे मोठं काम आहे.

• धूर पाहा. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. निळा धूर येतच राहिला तर इंजिन तेल खातंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर जास्त भार पडतोय. पांढरा धूर थांबतच नसेल तर मेकॅनिकला कारण विचारा.

• अर्धा-एक तास चालू ठेवा. होडी पाण्यात असेल तर एक फेरी मारून या. पंखा, त्याचा दांडा आणि दांडा बाहेर पडतो तिथून पाणी किती येतं ते पाहा.

• सुटे भाग मिळतात का, हे विचारा. अनेक होड्यांत ट्रकच्या इंजिनावरून बनवलेलं इंजिन असतं. ते वाईट असं नाही, पण त्याचे भाग आपल्या तालुक्यात मिळायला हवेत. एका भागासाठी आठ दिवस थांबलं तर ते आठ दिवस कोण भरून देणार?

सगळं पाहून झालं की मिस्त्री आणि मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज कागदावर घ्या. लाकूड किती, कोणतं, मजुरी किती, दिवस किती. तोंडी अंदाज गटात चालत नाही.

पायरी २ : कागद पाहिल्याशिवाय विसार नाही

होडीचे दोन मुख्य कागद वेगवेगळे असतात. एक नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे होडी कोणाची ते. दुसरा मासेमारी परवाना. तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याखाली मिळतो. २०२१ साली या कायद्यात सुधारणा होऊन दंड बरेच वाढले. त्यामुळे "परवान्याचं नंतर बघू" हे बोलणं आता परवडणारं नाही.

कागदांची यादी वहीत लिहून एकेकापुढे खूण करा :

१. नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का? मूळ मालक वारला असेल तर सगळ्या वारसांची संमती हवी. एक भाऊ विकतो आणि दुसरा वर्षाने दावा लावतो, असं होऊ शकतं.

२. होडीवर रंगवलेला नंबर, कागदावरचा नंबर आणि इंजिनाचा नंबर जुळतो का? इंजिन मध्येच बदललं असेल तर त्याची नोंद झाली का?

३. होडीवर कर्ज आहे का? मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या कर्जातून होड्या घेण्याची पद्धत आहे. बँकेचं कर्ज असू शकतं, संस्थेची डिझेलची उधारी असू शकते. बँक आणि संस्था दोघांकडून बाकी नसल्याचा दाखला मागा. कर्ज होडीवर असेल तर होडी घेताना ते कर्जही आपल्या दारात येतं.

४. परवाना कोणत्या जाळ्याचा आहे? आपण ज्या जाळ्याने मासेमारी करणार त्याचाच तो हवा. पर्ससीनवर राज्यात २०१६ पासून कडक बंधनं आहेत, आणि एलईडी दिव्यांची मासेमारी बंद आहे. अशा कामासाठी वापरलेली होडी असेल तर तिच्यावर काही कारवाई चालू आहे का ते विचारा.

५. परवाना आपल्या नावावर होईल का? हे मालकाला विचारायचं नाही. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात किंवा आपल्या बंदराच्या परवाना अधिकाऱ्याकडे जाऊन विचारायचं. दोघी-तिघींनी मिळून जा. काय सांगितलं ते तारखेसह वहीत लिहा.

नोंदणी आणि परवाना नसलेली होडी स्वस्त का मिळते, हेही समजून घ्या. डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत मिळतो, पण होडी नोंदलेली आणि परवाना चालू असेल तरच. विमा उतरवायलाही कागद लागतो. कागद नसले की हे सगळे फायदे जातात आणि प्रत्येक फेरीला पकडलं जाण्याची भीती राहते. एवढं सगळं सोसायचं म्हणून ती स्वस्त असते.

पायरी ३ : खरी किंमत काढा

आता आपल्या उदाहरणातल्या ताईची होडी. फळ्यावर लिहून सगळ्या जणींनी मिळून बेरीज करा.

होडीची किंमत : १,४०,०००
लाकूडकाम, लाकूड आणि मजुरी : ९०,०००
इंजिन खोलून दुरुस्ती : ५५,०००
ओढून नेणं-आणणं, रंग, तेल : १५,०००
कागद नावावर करणं आणि विमा : १२,०००
लाईफ जॅकेट, बोया, दोर, नांगर : १८,०००
बेरीज : ३,३०,०००

इथेच थांबायचं नाही. जुन्या होडीची एक फळी काढली की मागची बरगडी खराब निघते. बरगडी काढली की खिळे निघतात. यात मिस्त्रीचा दोष नाही, आतलं त्यालाही दिसत नसतं. म्हणून लाकूडकाम आणि इंजिन यांच्या अंदाजावर किमान एक तृतीयांश रक्कम वाढवून धरायची. आपल्या उदाहरणात १,४५,००० चा तिसरा हिस्सा म्हणजे साधारण ४८,०००. बेरीज झाली ३,७८,०००.

अजून एक खर्च हमखास विसरला जातो. होडी तयार झाली, पण पहिल्या फेऱ्यांचं डिझेल, बर्फ, रेशन कुठून आणायचं? ते नसलं की मासे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते, आणि मग तो सांगेल त्या भावात त्यालाच मासे द्यावे लागतात. म्हणून २२,००० हाताशी हवेत.

एकूण : ४,००,०००

दीड लाखाच्या आतली होडी चार लाखांची झाली. ताईकडे १ लाख आहेत. म्हणजे खरी गरज ३ लाखांच्या कर्जाची आहे. तिने अर्ज कितीचा केला होता ते आठवून पाहा. बहुतेक अर्ज होडीच्या किमतीएवढेच असतात. होडी घेतली जाते आणि दुरुस्ती अर्ध्यावर राहते. अर्धी दुरुस्त केलेली होडी मासेही आणत नाही आणि विकायला काढली तर मूळ किंमतही देत नाही.

पायरी ४ : होडी हप्ता फेडेल का?

वर्षाचे ३६५ दिवस मोजायचे नाहीत. दोन महिने बंदी. उरलेल्या दहा महिन्यांत वादळाचे इशारे, वारा, इंजिनाचं काम, खलाशी गावी गेलेले, सणवार. महिन्याला पंधरा फेऱ्या धरल्या तर वर्षाला १५० फेऱ्या होतात.

एका फेरीची सरासरी विक्री ३,५०० धरू. सरासरी म्हणजे चांगल्या दिवसाची विक्री नव्हे. रिकाम्या हाताने परत आलेले दिवसही त्यात धरायचे. हा आकडा पुरुषांना विचारण्यापेक्षा मासे विकणाऱ्या बायकांना विचारा. बाजारात रोज पैसे मोजणारीला तो बरोबर माहीत असतो.

विक्री, १५० × ३,५०० : ५,२५,०००
डिझेल, बर्फ, रेशन, १५० × १,३०० : १,९५,०००
उरले : ३,३०,०००

आता वाटा. रीत बंदराबंदराला वेगळी असते. निम्मं खलाशांना आणि निम्मं होडी-जाळ्याला धरलं, तर होडीचा वाटा १,६५,०००. त्यातून जाळ्यांची दुरुस्ती, दरवर्षीचा रंग, इंजिनाची निगा, विमा यासाठी ५५,००० काढले. हाती राहिले १,१०,०००.

मैत्रिणींनो, इथे नीट लक्ष द्या. ताईचा नवरा त्याच होडीवर काम करेल आणि त्याला खलाशाचा वाटाही मिळेल. पण तो वाटा घरखर्चाचा आहे. घर खलाशाच्या वाट्यावर चालतं, हप्ता होडीच्या वाट्यावर चालायला हवा. दोन्ही एकत्र केले की हप्ता भरला जातो खरा, पण मुलांच्या फीला आणि किराण्याला दुसरं कर्ज काढावं लागतं. मग गटाच्या वहीत परतफेड शंभर टक्के दिसते आणि घरात सावकार येऊन बसतो.

आता कर्ज बघू. ३ लाख, तीन वर्षं, शेकडा एक रुपया महिना, घटत्या शिलकेवर. पहिल्या वर्षी मुद्दल १,००,००० आणि व्याज साधारण ३०,०००. म्हणजे १,३०,००० भरायचे. होडी देते १,१०,०००. पहिल्याच वर्षी २० हजार कमी पडतात, आणि तेही सगळं सुरळीत चाललं तर.

"मग मुदत पाच वर्षं करू," असं कोणीतरी म्हणेलच. पाच वर्षांना पहिल्या वर्षाचा भरणा साधारण ९२,००० येतो. तो बसतो असं वाटेल. पण दुरुस्त केलेली जुनी होडी तीन-चार वर्षांनी पुन्हा मोठं काम मागते. पहिल्या दुरुस्तीचं कर्ज फिटायच्या आत दुसरी दुरुस्ती आली की ताई कायमची कर्जात. म्हणून साधा नियम ठेवा. पुढच्या मोठ्या दुरुस्तीच्या आत कर्ज फिटलं पाहिजे.

उलटा हिशोब

आता हाच हिशोब उलट्या टोकाने करू. बोलणी करायला जाताना उपयोगी पडतो तो हाच.

होडीच्या हाती राहतात १,१०,०००. एखादं वर्ष मासळी कमी येते, वादळं येतात, म्हणून पाचवा हिस्सा बाजूला ठेवू. हप्त्यासाठी उरले ८८,०००. तीन वर्षांत फिटेल असं किती कर्ज एवढ्यात बसतं? २ लाखांच्या कर्जाला पहिल्या वर्षी मुद्दल साधारण ६७,००० आणि व्याज २०,०००, मिळून ८७,०००. म्हणजे कर्जाची मर्यादा २ लाख.

ताईचे १ लाख आणि कर्ज २ लाख, एकूण ३ लाख. होडी तयार व्हायला लागणार ४ लाख. फरक १ लाखाचा. दुरुस्तीत कपात करायची नाही, लाईफ जॅकेटमध्ये तर नाहीच. म्हणजे हा फरक होडीच्या किमतीतूनच निघायला हवा. १,४०,००० मधून १,००,००० गेले. या ताईने या होडीला जास्तीत जास्त ४०,००० द्यावेत.

आकडा ऐकून हसू येईल. मालक कदाचित रागावेल. पण आपण त्याचा अपमान करत नाही. त्याची होडी आज समुद्रात जाऊ शकत नाही, तिला तयार करण्याचा सगळा खर्च आणि धोका आपण घेतोय, एवढंच आपला हिशोब सांगतो. मालक थोडा खाली येईल, मिस्त्री थोडी मजुरी कमी करेल, ताईकडे आणखी थोडी बचत असेल, तर मध्ये कुठेतरी जमेलही. नाही जमलं तर "नको" म्हणून उठायचं. मात्र हा शेवटचा आकडा होडी बघायला जायच्या आधी बैठकीत ठरवून वहीत लिहिलेला हवा. होडीसमोर उभं राहिलं, नारळी पौर्णिमा जवळ आली, नवरा मोठ्या आशेने बघतोय, अशा वेळी नवा आकडा ठरवायचा नसतो.

पायरी ५ : दिवसांचाही हिशोब

दुरुस्ती कधी पूर्ण होणार? नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांच्याच होड्यांची कामं निघतात, मिस्त्री मिळत नाहीत. पावसात ओलं लाकूड जोडता येत नाही, फायबरचं काम दमट हवेत नीट बसत नाही. मिस्त्रीने महिना सांगितला तर दोन धरा.

उशीर झाला तर नुसतं थांबणं होत नाही. आपल्या उदाहरणात एका फेरीत होडीचा वाटा १,१०० रुपये आहे. ऑगस्टच्या पंधरा फेऱ्या गेल्या तर होडीचे १६,५०० गेले, खलाशांचेही तेवढेच. व्याज मात्र चालूच. म्हणून पहिल्या हप्त्याची तारीख होडी पाण्यात जायच्या तारखेशी जोडा, आणि हप्तेही मासेमारीच्या दहा महिन्यांतच बसवा. बंदीच्या महिन्यांत फक्त व्याज घेता येतं का, यावर गटात ठराव करा.

पायरी ६ : पैसे एकदम द्यायचे नाहीत

१. आधी थोडा विसार. विसार पावतीवर लिहून घ्या की होडी वर ओढून तपासल्यावर पठाण खराब निघालं किंवा परवाना नावावर झाला नाही तर विसार परत मिळेल. दोन साक्षीदार घ्या.

२. होडीचे पैसे नावावर करण्याचा अर्ज दिल्यावर, बँकेतूनच.

३. दुरुस्तीचे पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे, थेट मिस्त्री आणि मेकॅनिकला. प्रत्येक टप्प्याला गटातल्या दोघी जाऊन काम पाहतील.

४. डिझेलचे २२,००० शेवटपर्यंत बँकेतच राहतील. दुरुस्तीत कमी पडले म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

विकणारा गटातल्याच एखादीचा दीर किंवा भाऊ असेल तर तिने ते बैठकीत आधीच सांगावं आणि या कर्जाच्या निर्णयात मत देऊ नये. यात संशय घेण्यासारखं काही नाही. उलट पुढे काही बिनसलं तर तिच्यावर बोट येऊ नये म्हणून हे करायचं.

होडी कोणाच्या नावावर?

कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताईच्या माथी आणि होडी मात्र एकट्या नवऱ्याच्या नावावर, असं होऊ देऊ नका. नोंदणीत ताईचं नाव असावं, निदान दोघांचं तरी. आलेली मासळी ताईने विकावी आणि फेरीचा हिशोब तिने वहीत लिहावा. तारीख, डिझेल, बर्फ, विक्री, खलाशांचा वाटा, होडीचा वाटा, एवढे सहा रकाने पुरेत. वही असली की होडी कमावते की खाते हे तीन महिन्यांत कळतं.

समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंदही करून घ्या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास २ लाख ५० हजार रुपये मिळतात. मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही. हा माणसांचा विमा आहे, होडीचा वेगळा उतरवावा लागतो.

"नको" म्हटल्यावर पुढे काय?

होडी न घेणं हाही निर्णय आहे, आणि पुष्कळदा तो जास्त शहाणपणाचा असतो. ताईपुढे दुसरे रस्ते आहेत. जाळी घेऊन दुसऱ्याच्या होडीवर जाळ्याचा वाटा मिळवता येतो. आधी लहान होडी घेऊन खाडीत आणि किनाऱ्याजवळ काम करता येतं. २०२० साली सुरू झालेल्या मत्स्य संपदा योजनेत महिलांना मंजूर खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या बदली होडी आणि जाळी हा त्यातलाच भाग. सध्या अर्ज घेतात का, ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. मात्र अनुदान मागून येतं, आधी पैसे आपल्याला उभे करावे लागतात, हे लक्षात ठेवा.

गटाने अर्ज नाकारला तर ताईला कारण आकड्यांत दाखवा. "तुला देत नाही" आणि "ही होडी हप्ता फेडणार नाही" यात फार फरक आहे. पहिलं ऐकून ती गट सोडेल. दुसरं ऐकून ती पुढच्या वर्षी दुसरी होडी शोधून, मिस्त्रीचा कागद घेऊनच येईल.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास

१. आपल्या बंदरातली एखादी जुनी होडी धरून पायरी ३ ची यादी भरा. दर मिस्त्री आणि मेकॅनिकला विचारून आणा.

२. मासे विकणाऱ्या तिघींना विचारा, गेल्या हंगामात महिन्याला खरोखर किती दिवस होड्या गेल्या? पंधरा की कमी?

३. आपल्या उदाहरणात फेरीची विक्री ३,५०० ऐवजी ३,००० धरली तर होडीच्या हाती वर्षाला किती उरतात? मग कर्ज किती झेपेल? (पहिल्या प्रश्नाचं उत्तर ७२,५०० यायला हवं. दुसऱ्याचं तुम्ही काढा.)

४. आपल्या गटाचा नियम लिहा : मोठ्या कर्जाआधी कोणते कागद पाहायचे, कोणी पाहायचे, आणि एका सभासदाला गटाच्या एकूण निधीतला जास्तीत जास्त किती हिस्सा द्यायचा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ठराव वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या मे महिन्यात कोणी "स्वस्तात मिळतेय" म्हणत आलं की तेच पान उघडायचं.